गावच्या शाळेतून शहरातल्या शाळेत: मुलाचं बाईंशी, घरच्यांशी आणि पोरांशी कसं जुळवून द्यायचं

जून आला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर दर वर्षी तीच गर्दी असते. बीड, परभणी, लातूर, बुलढाणा, जळगाव, कुठून कुठून आलेली कुटुंबं, वडिलांना चाकणला नाहीतर भोसरीला कंपनीत काम लागलेलं, भाड्याची खोली घेऊन झालेली आणि आता पोरांना शाळेत घालायचंय. मी आधी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर होते, मग आंतरजिल्हा बदलीने पुणे जिल्ह्यात आले, आणि आता जिथे आहे ते गाव नावालाच गाव राहिलंय, चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत. त्यामुळे दोन्हीकडची मुलं अगदी जवळून बघायला मिळतात. पालक मला फी विचारतात, सेमी इंग्लिश आहे का विचारतात, गणवेश कुठे मिळेल विचारतात. पण मूल इथे रमणार की कोमेजणार हे ज्याच्यावर ठरतं, म्हणजे बाईंशी त्याचं कसं जमेल, वर्गातली पोरं त्याला जवळ घेतील का, घरी येऊन ते काही सांगेल का, ते जवळजवळ कोणीच विचारत नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. गावात हे सगळं आपोआप होत असतं. गुरुजी आठवडी बाजारात भेटतात, एसटी स्टँडवर भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात, "तुमचा धाकटा दोन दिवस दिसला नाही, ताप आला का काय" असं तिथल्या तिथे विचारून टाकतात. आजी कोण, काका कोण, घरात काय चाललंय हे शाळेला माहीत असतं. त्यात गावच्या शाळेचा पट लहान, बऱ्याच ठिकाणी पहिली ते चौथीला मिळून दोनच शिक्षक, म्हणजे मुलाने वर्षानुवर्षं तेच दोन चेहरे बघितलेले. शहरात तासागणिक बाई बदलतात, कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय पण अनेक वर्गांत त्याहून जास्त मुलं बसलेली दिसतात, आणि बाई राहतात पंधरा किलोमीटर लांब. कोणीच कोणाला बाजारात भेटत नाही. जे गावात न ठरवता व्हायचं ते इथे ठरवून करावं लागतं, आणि ते मोठ्यांनी करायचंय, नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

कागदांचं आधी उरकून टाकू

जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घ्या, प्रगतिपत्रक घ्या, मुलाचा सरल पोर्टलवरचा (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीच्या वेबसाइटवरचा) आयडी आणि पेन नंबर, म्हणजे त्याचा कायमचा शिक्षण क्रमांक, वहीत लिहून घ्या, आधार कार्डावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळतंय का ते गाव सोडायच्या आधीच बघा. दाखला यायला वेळ लागतोय म्हणून नवीन शाळा प्रवेश अडवू शकत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा मुलाला हक्कच आहे. वयाप्रमाणे वर्ग मिळायला हवा हेही त्याच कायद्यात आहे. "याला इंग्लिश येत नाही, एक वर्ष खाली बसवा" असं कोणी सुचवलं तर पटकन हो म्हणू नका, कारण आपल्यापेक्षा लहान पोरांत बसवलेलं मूल वर्गात कोणाचाच मित्र होत नाही, हे मी परत परत बघितलंय.

एक काम मात्र लोक विसरतातच. जुन्या शाळेतल्या बाईंचा किंवा सरांचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि महिन्याभराने मुलाला एकदा त्यांच्याशी बोलू द्या. मुलासाठी ती व्यक्ती अचानक गायब झालेली असते ना.

पहिल्या पंधरा दिवसांत वर्गशिक्षकांना भेटायचंच

गेटवर गाडी लावून "काय बाई, कसा आहे आमचा?" हे भेटणं नाही. सकाळी परिपाठाच्या वेळी तर नाहीच, तेव्हा आमचं डोकं हजेरी आणि पोषण आहाराच्या नोंदीत असतं. मुलाच्या डायरीत नाहीतर मेसेज करून वेळ मागा, "शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मिळतील का" एवढं पुरतं. कंपनीत सेकंड शिफ्ट असलेल्या वडिलांना पालक सभेची वेळ कधीच जमत नाही, मग शाळेत असा समज होतो की या घरच्यांना काही पडलेलीच नाही, तो समज एकदा झाला की मग जाता जात नाही. शनिवारची सकाळची शाळा लवकर सुटते तो वेळ धरा.

भेटल्यावर काय बोलायचं? मार्कांचं नको. तीन गोष्टी सांगा. शाळेतून मूल घरी येतं तेव्हा घरात कोण असतं. त्याला काय छान येतं, म्हणजे पाढे असोत, चित्र असो, धाकट्या बहिणीला सांभाळणं असो. आणि ते कशाने गप्प होतं. समोर ओरडलं तर गप्प होतं का, चारचौघांत उभं केलं तर का, इंग्रजीतून विचारलं तर का. ही तिसरी गोष्ट बाईंना कळायला एरवी दिवाळी उजाडते, तुम्ही पाच मिनिटांत सांगू शकता. आणि हे सगळं मुलासमोर बोला, त्याला बाहेर उभं करू नका. आपले आई-वडील आणि बाई आपल्याबद्दल चांगल्या आवाजात बोलतायत हे त्याने एकदा बघितलं की बाईंची निम्मी भीती जाते.

गावाकडून आलेले बरेच पालक आदराने एक वाक्य बोलतात, "मॅडम, मारा पण शिकवा, आमचं काही म्हणणं नाही." भावना चांगली असते, विश्वास टाकलेला असतो, पण हे बोलू नका. मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला कायद्याने बंदी आहे, कलम १७ आहे त्याचं, तो एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, तुमच्या शेजारी उभं असलेलं पोरगं ते ऐकत असतं. उद्या खरंच कोणी त्याला मारलं, कोणी वाकडं बोललं, तर ते घरी सांगणारच नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही परवानगी देऊन टाकलेली असते.

शहरातच वाढलेल्या पालकांचं याच्या बरोब्बर उलटं चालतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या मार्कासाठी वाद, आणि जेवताना मुलासमोर "त्या टीचरला स्वतःला काही येत नाही." मग ते मूल वर्गात बाईंचं ऐकेल कसं? तक्रार असेल तर ती थेट शिक्षकांकडे, एकट्यात, मग मुख्याध्यापकांकडे. ग्रुपवर टाकलेली तक्रार वाचून शिक्षक सावध होतो आणि तुमच्या मुलाशी मोजूनमापून बोलायला लागतो, त्यात मुलाचंच नुकसान आहे.

आणि घरात अभ्यासाला बसत नाही म्हणून "थांब, बाईंनाच सांगते" ही धमकी बंद करा, गावातले असा नाहीतर शहरातले. सगळा दिवस त्याला माझ्यासोबत काढायचा असतो हो. मी त्याला बागुलबुवा म्हणून नकोय.

बोलण्यावरून हसतात तेव्हा

हा सगळ्यात दुखरा भाग आहे म्हणून थोडं जास्त लिहिते. माझ्या पाचवीच्या वर्गात केज तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. हुशार, चुणचुणीत. परिसर अभ्यासाच्या तासाला हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "म्याडम, म्या सांगू का?" मागच्या बाकावरून कोणीतरी "म्या म्या" असा शेळीचा आवाज काढला आणि सगळा वर्ग हसला. त्याने हात खाली घेतला तो घेतलाच. उत्तर येत असायचं, ओठ हलताना दिसायचे, पण हात वर नाही. डबाही झाकण अर्धं लावून खायचा, आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, ती कोणाला दिसू नये म्हणून.

आता अशा वेळी घरचे काय करतात? "तू नीट बोल ना मग, इथल्यासारखं बोल" असं सांगतात. म्हणजे पोरं हसली आणि आईनेही तेच म्हटलं. असं करू नका. त्याला सांगा की घरी आपण असंच बोलतो, आजी असंच बोलते, यात चुकीचं काही नाही, आणि वर्गातलं बोलणंही तुला हळूहळू येईलच. घरातली बोली मुद्दाम बदलू नका. मुलं कानाने शिकतात, सहा महिन्यांत दोन्ही बोलायला लागतात, वर्गात एक आणि गावी फोनवर दुसरं, त्यासाठी क्लास लावायची गरज नसते. गरज असते ती या सहा महिन्यांत त्याचं तोंड बंद होऊ न देण्याची.

आणि बाईंना सांगा. स्पष्ट सांगा की अमुक तासाला असं झालं. आम्हाला पाठ वळलेली असताना झालेलं दिसत नाही. मला दिसलं होतं म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक तर आवाज काढणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं नाही, कारण मग तो मधल्या सुट्टीत त्याचा राग त्या मुलावरच काढतो, त्याला वेगळं बोलावून समजावलं. दुसरं, त्या मुलाला शालेय पोषण आहाराच्या वाढपाला घातलं. गावाकडची पोरं सप्त्याच्या नाहीतर लग्नाच्या पंगतीत लहानपणापासून वाढायला जातात, हात सराईत असतो, सांडत नाही, कोणाच्या पानात काय कमी आहे ते नजरेने कळतं. तो खिचडीची बादली घेऊन ओळीतून फिरायला लागला आणि प्रत्येकाला त्याच्याशी बोलावंच लागलं, "थोडी अजून दे ना", "मला खरवडलेली दे", "मला वाटाणे नको". आठवड्यात सगळ्यांची नावं त्याला पाठ आणि त्याचं नाव सगळ्यांना. शेळीचा आवाज काढणारा रोज दोनदा खिचडी मागायचा. हात वर यायला त्यानंतरही वेळ लागला, पण आला.

पालक म्हणून तुम्ही वाढप ठरवू शकत नाही, पण बाईंना असं सुचवू शकता की याला चार मुलांशी बोलावं लागेल असं एखादं काम द्या. वह्या गोळा करणं, कवायतीचं साहित्य काढणं, काहीही. भाषण करायला मात्र लावू नका, "गावाकडच्या गमती सांग" असं स्टेजवर उभं करून तर अजिबात नको, मूल प्रदर्शनात ठेवल्यासारखं होतं.

मित्र हवा, आणि सुरुवातीला एकच

गावात मित्र शोधावे लागत नाहीत. चुलत भाऊ, शेजारची पोरं, लहान-मोठी सगळी एकत्र शाळेला चालत जातात, वाटेत बोरं काय, चिंचा काय, भांडण आणि मिटवणं सगळं त्या वाटेवर होतं. शहरात ती वाटच नाही. व्हॅन येते, पोरं बसतात, शाळेत उतरतात, परत आल्यावर क्लास. मित्राच्या घरी जायचं तर गेटवर वॉचमन, इंटरकॉम, आणि वरून मित्राची आई विचारणार कोण आलंय.

म्हणून मोठ्यांनी मध्ये पडायचं. त्याच व्हॅनमधला किंवा त्याच गल्लीतला एखादा मुलगा किंवा मुलगी हेरा, त्या मुलाच्या आईशी आधी तुम्ही बोला, रविवारी पोहे खायला बोलवा. खोली लहान आहे, पत्र्याची आहे म्हणून लाजू नका. पोरांना खोलीचं काही नसतं, खेळायला सवंगडी आणि पोटभर खायला असलं की झालं, लाज वाटते ती आपल्याला. आणि टॉवरमध्ये राहणाऱ्या आईवडिलांनो, तुम्हाला पण हात जोडून सांगणं आहे, तुमच्या मुलाने वस्तीतल्या मित्राला घरी आणलं तर त्याला आत बसवा, सोफ्यावर बसवा, दारातून खेळणी देऊन परत पाठवू नका. मुलं ते विसरत नाहीत.

वाढदिवसाचंही बघा. आमच्याकडे कोणी वर्गाला चॉकलेट वाटतं, कोणी पेन्सिलचं पाकीट, मग ज्याला जमत नाही तो त्या दिवशी शाळेलाच येत नाही. पालक सभेत हा विषय काढा, की वाटायचंच असेल तर सगळ्यांनी एकेक रुपयाची गोळी किंवा शाळेला एक पुस्तक. हे असे निर्णय एका सभेत होतात, कोणीतरी तोंड उघडायला हवं.

जातीचं पण बोलते, कारण मुलं बोलत नाहीत. गावात आडनाव न विचारताच सगळ्यांना सगळं माहीत असतं, जेवायच्या ओळीत कोण कुठे बसतं त्यात ते दिसतं, पालावरची नाहीतर तांड्यावरची पोरं टोकाला बसलेली मी पाहिलीत आणि उठवून मध्ये बसवलीत. शहरात वाटतं की हे नसेल, पण इथे स्कॉलरशिपचे फॉर्म आले की भर वर्गात "अमुक कॅटेगरीवाले उभे राहा" असं होतं, आणि त्या दिवसापासून वर्गाला नवीन माहिती मिळते. तुमच्या मुलाच्या शाळेत असं होत असेल तर मुख्याध्यापकांना भेटून सांगा की फॉर्म पालकांच्या हातात द्या किंवा मुलाला एकट्याला बोलावून द्या. यात शाळेला काडीचंही जास्तीचं काम पडत नाही.

"आई, तू नको येऊ, पप्पांना पाठव"

हे वाक्य साधारण चौथी-पाचवीत येतं. शहरात आल्यावर वर्षभरात मुलाला दिसायला लागतं की बाकीच्या आया ड्रेसमध्ये येतात, स्कूटीवर येतात, मॅडमशी इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलतात, आणि माझी आई डोक्यावर पदर घेऊन येते, अंगठ्याने नाहीतर हळूहळू अक्षर जुळवून सही करते. त्याला लाज वाटते आणि लाज वाटल्याचं वाईटही वाटतं. आईला ऐकून काळजात कळ येते, मग ती एकतर दोन ठेवून देते नाहीतर खरंच जायचं बंद करते.

जायचं बंद करू नका. रागावूही नका. फक्त म्हणा की मी येणार आहे, बाईंना भेटायचंय, तू माझ्यासोबत थांब. आणि गेल्यावर बाईंशी आपल्या भाषेत, ताठ मानेने बोला. आम्ही शिक्षक इथे खूप काही करू शकतो, मी तर अशा आईला मुद्दाम खुर्ची देते, मुलासमोर तिला विचारते की याला इतकं स्वच्छ अक्षर कोणी लावलं, याचं दप्तर रोज कोण भरतं. मूल आईकडे बघतं तेव्हा.

शाळा व्यवस्थापन समितीतही जा. सरकारी आणि अनुदानित शाळेत ही समिती असतेच, त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. नवीन आलेल्यांना वाटतं की ते स्थानिक लोकांचं काम, पण वर्गात अर्धी मुलं बाहेरून आलेली असताना समितीत त्यांचं कोणीच नसेल तर त्यांचे प्रश्न मांडणार कोण?

शाळेतून आल्यावरचा अर्धा तास

"आज काय शिकवलं?" याला उत्तर "काही नाही" हेच येणार, जगातल्या कुठल्याही मुलाचं. त्याऐवजी विचारा, डबा कोणासोबत खाल्ला, पीटीला कोणाच्या टीममध्ये होतास, आज कोण रडलं, बाई कोणाला ओरडल्या. माणसांबद्दल विचारलं की मुलं बोलतात. ओळीने काही दिवस डबा एकट्याने खाल्ल्याचं कळलं तर बाईंना मेसेज करा, वाट बघत बसू नका. आणि आजीला फोन लावायचा असेल तर तो याच वेळेत लावून द्या, शाळेतलं सगळं आजीला सांगताना तुमच्याही कानावर पडतं.

गावाकडे ठेवलेली मुलं

सगळीच मुलं आई-वडिलांसोबत येत नाहीत. आमच्या बीडकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावरच, पोरं आजीपाशी नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. अशा मुलांचे पालक त्या पाच-सहा महिन्यांपुरते फोनवरच असतात, म्हणून फोनची वेळ ठरवून टाका, रोज नाही जमलं तर एक दिवसाआड पण तीच वेळ. "येईल फोन कधीतरी" याची वाट बघणारं मूल वर्गात असूनही नसतं. निघायच्या आधी गुरुजींना आजीचा आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा असे दोन्ही नंबर देऊन ठेवा. आणि मूल सोबत न्यायचंच ठरलं असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला बसवता येतं, आणि परत आल्यावर आपल्या वर्गात सरळ बसता येतं. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, राहून धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीला ठेवलं की तिची शाळा तिथेच सुटते, मग पुढे लग्नाचं बोलणं निघायला वेळ लागत नाही. त्या मुलीसाठी तरी गुरुजींशी आधी बोला.

चेष्टा कुठवर आणि त्रास कुठून

पोरं एकमेकांना चिडवतात, भांडतात, दुसऱ्या दिवशी एकत्र डबा खातात, त्यात पडू नका. पण तेच मूल, तीच नावं, रोज, आणि सगळे मिळून एकावर, असं असेल तर तो त्रास आहे. सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, वह्या फाटलेल्या, पैसे मागणं, व्हॅनमध्ये बसायला नकार, अंगावर कोणी हात लावल्यासारखं काही बोलणं, यातलं काही दिसलं की आधी मुलाला सांगा, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही." मग वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. शाळेत तक्रारपेटी असते, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, त्यात कोण कोण आहे ते विचारून घ्या. १०९८ ही चाइल्डलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं, हा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या. प्रकार लैंगिक असेल तर शाळेच्या उत्तराची वाट न बघता थेट पोलीस, पॉक्सो कायदा त्यासाठीच आहे, आणि "शाळेचं नाव खराब होईल" असं कोणी म्हटलं तरी थांबू नका.

उलटा प्रवास करणारे, म्हणजे शहरातून गावच्या शाळेत मूल नेणारे, कमी असतात पण असतात. त्यांना एवढंच, तुमच्या मुलाला तिथे "पुण्याचा साहेब" म्हणतील, बूट-मोजे बघतील, पहिल्या दिवसापासून त्याला बाकी पोरांसोबत चालतच शाळेत पाठवा, गाडीवर सोडू नका.